कण्हेरीचा हार

कपांतल्या चहावर साय धरली होती, पंखा कुरकुरत होता, आणि परभणीजवळच्या चुडाव्यातल्या त्या पुढच्या खोलीत घरची तीन माणसे एकमेकांची नजर चुकवत बसली होती. पाहुणी मुलगी तेवढी थेट माझ्याकडे पाहत होती. तिने नुकतेच विचारले होते, "तो हार माझ्या वडिलांनीच घातला होता का?" या घरात त्याचे उत्तर दोघांनाच ठाऊक होते. एक घरधनी सूर्यभान आणि दुसरी मी. मला ओठ आहेत, पण ते छापलेले आहेत.

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. समुद्रापलीकडच्या एका अरब देशावर आयुष्यभर राज्य करणाऱ्या राष्ट्राध्यक्षाची, फवाज अल-नाझिर याची तसबीर. त्याचे चरित्र मी वाचलेले नाही. ते माझ्या अंगावर चिकटवले गेले आहे.

सरकारी छापखान्यात ओल्या शाईच्या वासात माझा जन्म झाला. तेव्हा तो तरुण लष्करी अधिकारी होता. गाल बसलेले, डोळ्यांत जागरण. रणगाडे घेऊन त्याने राजवाडा ताब्यात घेतला होता आणि रेडिओवरून सांगितले होते की देश सावरेपर्यंतच मी येथे आहे, मग निवडणुका घेईन आणि बराकीत परत जाईन. लोक रस्त्यांवर नाचले. ते नाचणे खोटे नव्हते. एका म्हातारीने माझ्या काचेचे चुंबन घेतले, त्या ओठांची ऊब मला अजून आठवते. पुढे माझ्या काचेला पुष्कळ ओठ लागले, पण ते सगळे गार होते.

त्या देशात एक रीत होती. राष्ट्राध्यक्षाचे नवे चित्र आले की जुने काढत नसत. जुने चित्र काढायचे तर ते फाटणार, आणि फाडणे हा गुन्हा. म्हणून नवा कागद जुन्यावर चिकटवत. माझ्या चौकटीत एकाखाली एक असे कितीतरी राष्ट्राध्यक्ष श्वास कोंडून पडले आहेत.

पहिल्यावर दुसरा आला तो कोट आणि टाय घालून. गणवेश गेला, म्हणजे बराकीत परतणेही गेले. लोकांचा कौल घेतला गेला, त्यात नाव एकच होते, आणि 'नाही' म्हणणाऱ्याने आपली चिठ्ठी पहारेकऱ्याच्या हातात द्यायची होती. तिसरा कागद युद्धाच्या दिवसांतला. त्यात तो वाळवंटात दुर्बिणीतून पाहतो आहे. काय पाहतो आहे ते चित्रात नाही. चौथ्यात तो पांढऱ्या झग्यात, मांडीवर एक अनाथ मूल. ते अनाथ कोणामुळे झाले, हेही चित्रात नाही.

त्या देशाच्या घटनेत लिहिले होते की एका माणसाने दोनदाच राष्ट्राध्यक्ष व्हावे. ते कलम एका सकाळी, सभागृहात कॉफी येण्यापूर्वी, बदलले गेले. पुढे वयाची अट आड आली, तीही गेली. मग वारस म्हणून मुलाला पुढे करायचे ठरले आणि मुलगा नियमापेक्षा लहान निघाला, तेव्हा नियमच मुलाच्या मापाने कापून शिवला गेला. माझ्यावर कागद चढत गेले तसतसे त्याचे केस अधिक काळे होत गेले. तो म्हातारा होत होता आणि मी तरुण होत होते.

त्याने काहीच बांधले नाही असे मी म्हणणार नाही. रस्ते बांधले, शाळा बांधल्या, कोरड्या शहरांत नळ आणले. अशाच एका किनाऱ्यावरच्या शहरात, पाणी खेचणाऱ्या पंपांच्या कार्यालयात मला टांगण्यात आले. तिथेच चुडाव्याचा सूर्यभान वीजतंत्री म्हणून आला. त्याचा जोडीदार होता इद्रीस, त्याच शहरचा, पंपांवर देखरेख करणारा. इद्रीसला हिंदी सिनेमांचे वेड. सूर्यभानचे दखनी बोलणे आणि इद्रीसचे पडद्यावरून उचललेले हिंदी यांची छान गट्टी जमली. दुपारी एका ताटात जेवताना इद्रीस विचारायचा, "परभणी समुद्रापासून किती लांब?" सूर्यभान म्हणायचा, "तिकडं समुद्र फक्त भूगोलाच्या पुस्तकात हाय." घरी गेल्यावर इद्रीस आपल्या छोट्या मुलीला या माणसाच्या गोष्टी सांगायचा. परभणी हे नाव तिला तेव्हापासून पाठ.

मग राष्ट्राध्यक्षाचा वाढदिवस आला. प्रत्येक कार्यालयाने तसबीर सजवावी असा हुकूम होता. सूर्यभान सगळ्यांच्या आधी आला. आवारातल्या कण्हेरीची गुलाबी फुले त्याने तारेत ओवली. त्याच्या गावी चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या तसबिरीला जसा हार घालतात, तसा त्याने तो मला घातला आणि दोन पावले मागे सरून समाधानाने पाहिले. त्याला मानच द्यायचा होता. हार म्हणजे मान, याहून वेगळे काही त्याच्या मनात नव्हते.

इद्रीस आला आणि दारातच थबकला. मग पोट धरून हसला.

"सूर्यभानभाई, हे काय केलंस? सिनेमात फोटोला हार दिसला की तो माणूस मेलेला असतो! तू तर साहेबांना वर पाठवलंस!"

"मेलेल्याचं काय? आमच्याकडं जयंतीला घालतेत."

"जयंती कोणाची? जिवंत माणसाची?"

सूर्यभानने एकदा हाराकडे पाहिले, एकदा दाराकडे. मित्रांनो, माझ्यासमोर कोणी असे मोकळे हसलेले मी त्याआधी कधी ऐकले नव्हते. माझ्या काचेला कंप सुटला. पण हिंदी सिनेमे त्या देशात एकटा इद्रीसच पाहत नव्हता. हसणे भिंतीपलीकडे गेले, आणि हार उतरवायला सूर्यभानने स्टूल ओढले तोवर साध्या कपड्यांतली माणसे आत आली होती.

"राष्ट्राध्यक्षांना मयताचा हार कोणी घातला?"

सूर्यभानच्या हातात पक्कड होती. त्याचे ओठ हलले, माझ्या काचेतून ते मला स्पष्ट दिसले. आवाज मात्र इद्रीसचा आला.

"मी घातला. गंमत केली."

ते त्याला घेऊन गेले. जाताना त्याने सूर्यभानकडे पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर सूर्यभान ओळखला गेला असता. इद्रीस पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याच्या घरी निरोप गेला की तुमच्या माणसाने तसबिरीला मयताचा हार घालून राष्ट्राध्यक्षांच्या मरणाची थट्टा केली आहे. त्याच्या बायकोने ते खरे मानले. एका थट्टेपायी या माणसाने मला आणि लेकीला उघड्यावर टाकले, असे म्हणून तिने त्याचे नाव घेणे सोडले ते आजतागायत. हे मला नंतर कळले, पाहुण्या मुलीच्या तोंडून.

एके दिवशी तो राष्ट्राध्यक्षही कोसळला. ज्या रस्त्यांवर लोक त्याच्यासाठी नाचले होते, त्याच रस्त्यांवर माझ्या बहिणींच्या काचांचा खच पडला. तो एका परक्या देशात पळाला आणि तिथेच, पहाऱ्यातल्या बंगल्यात, काही वर्षांनी अंथरुणावर मेला. मला मात्र सूर्यभानने घोंगडीत गुंडाळून, ट्रंकेच्या तळाशी घालून चुडाव्याला आणले. का आणले, ते त्याने कोणाला सांगितले नाही. बायकोला म्हणाला, "यांच्या मुलखात भाकर खाल्ली."

या घरात एका भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब आहेत. मला समोरच्या भिंतीवर जागा मिळाली. त्याची बायको रुख्मिणी पदराने माझी धूळ पुसायची. मुलगी धम्मशीला मोठी झाली, कॉलेजात गेली, आणि एक दिवस माझ्याकडे बोट दाखवून बापाला म्हणाली, "दादा, घटना लिहिणाऱ्याच्या समोर घटना गिळणारा बसवलाय तुमी. शोभतंय का?" सूर्यभानने मला हलवले मात्र नाही. मग टीव्हीवर राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूची बातमी आली. रुख्मिणीने भोळ्या मनाने झेंडूचा हार आणून माझ्यावर चढवला, तेव्हा तो शांत माणूस ओरडला, "काढ! काढ आधी!" आणि त्याने तो ओरबाडून फेकला. फुले घरभर झाली. का, ते कोणाला कळले नाही. त्यानंतर मला पुसणेही बंद झाले. काचेवर माश्यांचे डाग पडले, कडेने वाळवी चढली. तिने एका जागी वरचे सगळे कागद पोखरले, आणि काळ्या केसांखालून तो जुना तरुण अधिकारी एका डोळ्याने बाहेर डोकावू लागला.

मित्रांनो, तसबिरींची निगा राखा असे मी तुम्हाला सांगणार नाही. धूळ बसली तर बसू द्या. एवढेच सांगते, ज्या चेहऱ्यासमोर हसायला भीती वाटते, त्याला आपल्या घरात खिळा ठोकू नका. आणि तुमच्या जागी दुसरा कोणी 'मी' म्हणाला, तर त्या एका शब्दाची निगा राखा.

आज आलेली ही नजवा म्हणजे इद्रीसची मुलगी. परदेशात शिकण्याची संधी मिळाली तेव्हा तिने नकाशावर परभणी शोधली. तिथल्या कृषी विद्यापीठात ती संशोधन करते, आणि आल्यापासून भेटेल त्याला विचारत होती, आमच्या देशात पंपांवर काम केलेला सूर्यभान कोणी ओळखतो का? त्याच विद्यापीठात शिकणाऱ्या धम्मशीलाने ते ऐकले आणि आनंदाने तिला रेल्वेत बसवून चुडाव्याला घेऊन आली. वडिलांना केवढा आनंद होईल, असे तिला वाटले होते.

"आई आजारी आहे," नजवा हिंदीत म्हणाली. "फार दिवस नाहीत तिचे. ती बाबांवर रागावूनच जाईल. तुम्ही तिथे होता. सांगा ना."

"पोरी, चहा तरी घे. थंड व्हायलाय," रुख्मिणी पुटपुटली.

"थांब आई," धम्मशीला म्हणाली. "दादा, तुमाला ठाऊक हाय ना? मग बोला की."

सूर्यभानने मान वर केली. त्याने प्रथम माझ्याकडे पाहिले, मग नजवाकडे.

"म्या घातलता," तो आपल्या दखनीत म्हणाला. आवाज इतका बारीक होता की पंख्याने तो अर्धा खाल्ला. "हार म्याच घातलता, बाई. मान म्हणून. तुझ्या बापानं गंमत बिंमत काई केली न्हाई. त्यायनं विचारलं, आन् तुझा बाप म्हणाला, मी. मला बोलायचं व्हतं. जीभच उचलली न्हाई. ही माझी पोरगी तवा पाळण्यात व्हती."

रुख्मिणीने पदर तोंडाशी धरला. धम्मशीला वडिलांपासून जराशी दूर सरकली. सरकल्याचे तिला स्वतःलाही कळले नसावे.

"तुझ्या आईला फोन लाव," सूर्यभान हात जोडत म्हणाला. "मला बोलू दे तिच्यासंगं. अरबी येती मला थोडी. तुझ्या तोंडून नगं, माझ्या तोंडून ऐकू दे तिला. लाव की गं बाई. लावतीस ना?"

नजवाने पर्समधला फोन बाहेर काढला. थोडा वेळ हातात धरला. मग तो परत ठेवला, दाराशी जाऊन चपला घातल्या, आणि रुख्मिणी "दोन घास खाऊन जाय की माय" म्हणत असताना ती उंबऱ्याबाहेर पडून स्टेशनच्या वाटेने चालू लागली.