कासुर्डीच्या रुळांवर मी वाजले होते का?

मित्रांनो, मी एक जुनी शिट्टी आहे. शिट्टी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे खेळाच्या सरांच्या गळ्यातली शिट्टी येईल, नाहीतर स्वयंपाकघरात बोंब मारणारी कुकरची. त्या दोघींशी माझे नाते जोडू नका, मला राग येतो. मी वाफेच्या रेल्वे इंजिनाची शिट्टी आहे. चांगली जाडजूड पितळेची, आणि इतकी जड की मला एकट्याने उचलायला गेलात तर पायाचा अंगठा सांभाळा. मी वाजले की भीमेच्या पुलावरची कबुतरे उडत आणि दूरच्या शेतांतली माणसे कंबर सरळ करून मान वर करत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला सांगता येणार नाही. माझ्या कडेला काही अक्षरे कोरलेली होती, ती घासून घासून गेली. वितळलेल्या पितळेची धग मात्र आठवते. आणि आठवते ती पहिली वाफ! वाफ तुम्ही चहाच्या पातेल्यावर पाहिली असेल. फुंकर मारली की पळून जाते बिचारी. पण तीच वाफ लोखंडाच्या पोटात कोंडली, खाली कोळसा पेटवला, की ती डब्यांची लांबच लांब माळ गवताच्या पेंढीसारखी ओढून नेते. आग आणि पाणी, एरवी एकमेकांचे वैरी, इंजिनात दोघे मिळून काम करतात. मी कित्येक वर्षे त्या वाफेच्या डोक्यावर बसले, पण माझे आश्चर्य अजून संपलेले नाही.

माझे इंजिन दौंडच्या शेडमध्ये असे. पहाटे तिथे काय देखावा असायचा! काळी धिप्पाड इंजिने ओळीने उभी, प्रत्येकाच्या पोटात लाल उजेड, आणि सगळीकडून धापा टाकल्यासारखा आवाज. नवीन लागलेली माणसे पहिल्या दिवशी दारातच थबकत. काही जण तर चक्क नमस्कार करत. मला ते फार आवडे, कारण इंजिनावर सर्वांत उंच जागी बसण्याचा मान आम्हा मोजक्यांनाच होता.

माझ्या इंजिनाचे ड्रायव्हर होते इमामभाई. उंच, सडपातळ आणि कमी बोलणारे. बोलायचे ते माझ्या तोंडून बोलत. त्या काळी प्रत्येक ड्रायव्हरची शिट्टी मारायची स्वतःची तऱ्हा असे. इमामभाई दोरी ओढून मला एकदा लांब वाजवत आणि शेवटी मनगटाला हलका झटका देऊन आवाजाला एक मुरका घालत. तो मुरका ऐकला की दौंडात त्यांच्या पत्नी सुलतानबी चुलीवर तवा ठेवत. दौंडहून पुण्याला जाताना वाटेतल्या शेतकऱ्यांनाही तो ओळखीचा झाला होता. यवतच्या पुढे, कासुर्डीच्या शिवारात रूळ ओलांडायची एक बैलगाडीची वाट होती. तिथे ना फाटक ना माणूस. तिथली माणसे डोळ्यांनी गाडी बघतच नसत, दोन्ही बाजूंना उंच ऊस उभा असे. ती कानांनी बघत. इमामची शिट्टी आली की थांबायचे, नाही आली की बैल घालायचे. माझ्यावर किती विश्वास होता बघा! मला त्याचा अभिमान वाटे.

आणि एके दिवशी त्याच वाटेवर अपघात झाला. हौसराव नावाचे कासुर्डीचे शेतकरी उसाची गाडी घेऊन रुळांवर आले आणि आमच्या इंजिनाने गाडीला धडक दिली. एक खिलारी बैल जागीच गेला. हौसरावांचा पाय मोडला, तो पुढे कायमचा अधू राहिला. लोक धावत आले. हौसराव रडत एकच सांगत होते, "शिट्टी वाजलीच न्हाई!" आणि इमामभाई म्हणत होते, "मी वडली व्हती, कसम से वडली व्हती!"

चौकशी झाली. मला वाजवून पाहिले, मी खणखणीत वाजले. फायरमन खाली वाकून कोळसा मारत होता, त्याला काही सांगता येईना. इंजिनातली जास्तीची वाफ त्या वेळी वरून इतक्या जोराने सुटत होती की आपल्याच शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येऊ नये. चौकशीत काहीच ठरले नाही. पण लोकांनी आपल्यापुरते ठरवून टाकले. इमाम ड्रायव्हर शिट्टी मारायला विसरला, असे बाजारात, चहाच्या टपरीवर, सगळीकडे झाले. मित्रांनो, खरे काय ते मला ठाऊक होते. पण मला स्वतःहून बोलता येत नाही. कोणी वाफ दिली तरच मी बोलते.

सर्वांत वाईट गोष्ट पुढेच झाली. इमामभाई सर्वांना ठासून सांगत, "मी दोरी ओढली." पण एकटे असले की आपल्या उजव्या हाताकडे बघत बसत. त्यांना दोरी धरल्याचे आठवत होते, आवाज मात्र आठवत नव्हता. हळूहळू त्यांचाच स्वतःवर भरवसा राहिला नाही. त्यांनी अर्ज करून यार्डातले डबे ढकलायचे काम मागून घेतले आणि कासुर्डीच्या बाजूला पुन्हा कधी गेले नाहीत.

पुढे डिझेलची इंजिने आली. आमची शेड थंड झाली. माझे इंजिन तोडायला आलेल्या मुकादमाने, रोज येऊन मुकाट बसणारे इमामभाई पाहिले आणि मला काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी मला गोणपाटात गुंडाळून पलंगाखाली सरकवले. तिथे माझ्या सोबतीला एक फुटकी बादली आणि झुरळे होती. वर्षातून एकदा, ईदच्या आधी, सुलतानबी मला बाहेर काढून चिंचेने घासत. "एवढी गोऱ्या मुखड्याची बाई, आन् अंधारात ठिवलीय," असे म्हणत. तेवढेच माझे कौतुक!

अशीच वर्षे गेली. मग दोन हजार दोन साली एक बाई घरी आल्या. अनिता त्यांचे नाव. शिरूरच्या शाळेत इतिहास शिकवत होत्या आणि दौंडच्या वाफेच्या इंजिनांचा इतिहास लिहीत होत्या. जुन्या ड्रायव्हरांना भेटायचे, त्यांचे बोलणे टेपवर घ्यायचे, असे त्यांचे चालले होते. इमामभाईंचा मुलगा इरशाद रांजणगावच्या एका कंपनीत फिटर होता, त्याने त्यांना घरी आणले होते. चहा झाल्यावर त्या म्हणाल्या, "चाचा, आधीच सांगते. मी कासुर्डीच्या हौसरावांची मुलगी."

इमामभाईंनी कप खाली ठेवला. सुलतानबीच म्हणाल्या, "आता आलीच हायस तर बस पोरी. तुज्या बापाचा पाय कसा हाय?"

अनिताबाई येत राहिल्या. इंजिन कसे पेटवायचे, पाणी कुठून यायचे, सगळे इमामभाई सांगत. त्यांचा चेहरा उजळे, आणि पलंगाखाली माझा जीव सुपाएवढा होई. त्या दिवसाबद्दल मात्र दोघेही बोलत नसत. एकदा अनिताबाईंनी मला पाहिले. गोणपाट उघडताच त्या खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात माझ्यावर ठेवले. "चाचा, हिचा आवाज टेपवर घ्यायचाय. पुस्तकात सगळं लिहीन, पण आवाज कसा लिहू?"

"नको," इमामभाई म्हणाले.

इरशाद म्हणाला, "अब्बा, वाफ न्हाई तर हवा. सोहेबच्या दुकानात कॉम्प्रेसर हाय. मी जोड बनवून आणतो कंपनीतनं."

सोहेबचे पंक्चरचे दुकान कासुर्डी फाट्यावर, हमरस्त्याला लागून होते. तिथे जायचे हे ऐकून इमामभाई आतल्या खोलीत निघून गेले. पण दोन दिवसांनी सकाळी त्यांनी स्वच्छ सदरा घातला, मला स्वतः गोणपाटात बांधले आणि म्हणाले, "चला. काय व्हायचं ते हुंदे."

सुलतानबींसह आम्ही सगळे फाट्यावर पोचलो, तर हौसराव आधीच बाजेवर येऊन बसले होते. हातात काठी, अधू पाय पुढे. अनिताबाईंनी त्यांना खूप विनवून आणले होते. इमामभाईंनी मान लववून नमस्कार केला. हौसरावांनी तो घेतला, पण म्हणाले, "तवा वाजली न्हाई म्हनून आमचा पाय गेला. आता तरी वाजती का, त्ये बघाया आलोय." इमामभाईंनी गोणपाटाची गाठ पुन्हा आवळली. मला वाटले, आता ते मला उचलून परत जाणार.

इरशादने मला एका जाड पाइपवर बसवले. कॉम्प्रेसरची वरची नळी पंक्चरवाल्यांची, बारीक. तेवढ्या हवेने माझ्यासारखीचे पोट कसे भरणार? म्हणून त्या शहाण्याने टाकीच्या तळाशी असलेल्या मोठ्या तोंडाला जोड लावला. टाकी हवेने भरली. अनिताबाईंनी टेप चालू केला. इरशादने कॉक, म्हणजे हवेची चावी, उघडला.

मित्रांनो, मी वाजलेच नाही. माझ्या तोंडातून गढूळ पाण्याचा फवारा उडाला आणि घळ्ळ, फुर्रर्र, फुर्रर्र असा काहीतरी घाणेरडा आवाज निघाला. दमट हवेतून टाकीच्या तळाशी साचणारे पाणी सोहेबने पावसाळाभर सोडलेच नव्हते, आणि हवेच्या आधी ते माझ्यात घुसले होते. जमलेली माणसे पोट धरून हसली. चकचकीत होऊन चारचौघांत यावे आणि असे व्हावे! मला तर लाजेने वितळून जावेसे वाटले.

हसले नाहीत ते फक्त हौसराव. ते काठी न घेताच उठून उभे राहिले होते.

"पुन्हा करा," ते म्हणाले. "आरं, पुन्हा वाजवा त्ये!"

इरशादने कॉक पुन्हा थोडा उघडला. फुर्रर्र.

"ह्योच!" हौसराव ओरडले. "ह्योच आवाज मी त्या दिशी ऐकला व्हता. म्हैस पान्यात तोंड घालून फुरफुरती ना, तसा. मला वाटलं, इंजिन हाय, करतंय कायतरी. शिट्टी न्हाई आली, म्हनून मी बैलं घातली."

"आबा, हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत," अनिताबाई म्हणाल्या.

"तू तरी कवा इचारलंस? समदे एकच इचारायचे, शिट्टी वाजली का न्हाई. न्हाई वाजली. म्या त्येच सांगितलं."

इमामभाई माझ्यासमोर मातीत बसले होते. पाण्याने भिजलेले माझे तोंड त्यांनी बोटांनी चाचपले आणि मग ते बोलू लागले, जणू समोर इंजिनच उभे आहे. त्या दिवशी यवतला बॉयलर काठोकाठ भरला होता. पाणी जास्त झाले आणि त्याला फेस आला की ते वाफेबरोबर वर उसळते आणि थेट शिट्टीत चढते. मग शिट्टी वाजत नाही, नुसती गुळण्या करते. थोड्या वेळाने पाणी उतरले की पुन्हा नीट वाजते. म्हणून तर चौकशीत मी खणखणीत वाजले होते.

बोलता बोलता ते थांबले. वर बघून त्यांनी विचारले, "हौसरावदादा, म्हंजी मी... मी वडली व्हती?"

अख्ख्या जगात हे सांगू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो समोर उभा होता.

"वडल्याबिगर पानी बाहीर पडतंय व्हय, इमामभाई?" हौसराव म्हणाले. "तुमी वडली व्हती. माज्या कानांनी ऐकलंय म्या."

इमामभाईंनी उजवा हात तोंडावर धरला आणि ते लहान मुलासारखे रडले. सुलतानबींनी पदर डोळ्यांना लावला. कोणीही त्यांना उगी करायला गेले नाही, आणि ते बरोबरच झाले.

मग इरशादने टाकीतले पाणी पुरते सोडून दिले, मला फडक्याने कोरडे पुसले आणि टाकी पुन्हा भरली. या वेळी कॉक इमामभाईंनी हातात घेतला. क्षणभर डोळे मिटले आणि तो उघडला.

मी वाजले! किती वर्षांनी वाजले! हमरस्त्यावरच्या मालमोटारींचा आवाज माझ्या आवाजात बुडून गेला. रांजणगावच्या कंपनीची बस करकचून थांबली आणि खिडक्यांतून डोकी बाहेर आली. ज्यांनी जन्मात वाफेचे इंजिन पाहिले नव्हते, ती पोरे तोंड उघडे टाकून आकाशाकडे बघू लागली, जणू आवाज तिथूनच येतो आहे. आणि शेवटी, टाकीतली हवा संपता संपता, इमामभाईंच्या मनगटाने तो मुरका घातला.

तेव्हा मी हौसरावांकडे पाहिले. ते तसेच उभे होते, डोळे मिटून. मुरका आला आणि त्यांच्या दोन्ही मुठी वळल्या, कोपरे मागे गेली आणि त्यांनी नसलेला कासरा जोराने मागे ओढला. बैल थांबवावेत तसा. "व्हो... व्हो," ते पुटपुटले. मग डोळे उघडून रिकाम्या हातांकडे पाहत राहिले. इमामभाईंनी पुढे होऊन ते हात आपल्या हातात घेतले.

मित्रांनो, आता मी शिरूरला, अनिताबाईंच्या शाळेत असते. तुमच्यासारखी मुले येतात, मला हात लावून बघतात, चिंचेने घासतात. मला ते हवेच आहे, मी काही साधू झालेली नाही. जुन्या वस्तू भंगारात घालू नका, हेही मी सांगेन. पण त्यांच्याइतकेच जुन्या माणसांना सांभाळा. त्यांच्यापाशी बसाल तेव्हा "झाले का नाही झाले" एवढेच विचारून उठू नका. "मग तुम्हाला काय दिसले, काय ऐकू आले?" असे पुढे विचारा आणि शेवटपर्यंत ऐका. हौसरावांना कोणी तसे विचारले असते, तर इमामभाईंनी इतकी वर्षे स्वतःच्या हातावर संशय घेतला नसता.