थरथरणारा बॉयलर

आमच्या गावाला ऊब देणारा तीन नंबरचा बॉयलर सतत थरथरायचा. बॉयलरवरचा म्हातारा कामगार सेइतकाझी, ज्याला सगळे आदरानं आगा म्हणत, त्यानं अठ्ठावीस वर्षांपूर्वी पंपापासून बॉयलरच्या नळ्यांपर्यंत रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा वेल्ड केला होता. पंपाची थरथर त्यातून नळ्यांत जायची. मी शहरात शिकून आलेली नवी इंजिनिअर. मला तो शुद्ध अडाणीपणा वाटला, त्यात तपासणी आठवड्यावर आलेली.

"आगा, हा रूळ कापायचा."

"पोरी, किटली तापते तेव्हा बुडाला बुडबुडे धरतात ना? हलवलं की सुटतात. नाही हलवलं तर चिकटून बसतात, मग पाणी लोखंडाला शिवत नाही आणि लोखंड करपतं. त्यात या नळ्यांत बोटभर क्षार साचलाय."

"आणि नियमांचं काय?"

"नियमांना कुठं थंडी वाजते?"

सगळे कामगार हसले. त्या हसण्याचाच मला राग आला. दुसऱ्या दिवशी मी समोर उभी राहून रूळ कापून घेतला.

बॉयलर गप्प झाला. बाहेर उणे अडतीस होतं, म्हणून आग जोरात ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी आगा नेहमीसारखा सळईचं एक टोक नळीला आणि दुसरं कानाला लावून उभा होता. एकदम ओरडला, "उकळी ऐकू येत नाही! बाहेर व्हा सगळे!"

"दाब बरोबर आहे, आगा," मी काट्याकडे बोट दाखवलं.

त्यानं मला दाराबाहेर ढकललं आणि आग बंद करायला वळला. तेवढ्यात नळी फुटली. वाफ निवल्यावर आम्ही त्याला बुटांवरून ओळखलं.

चौकशीच्या अहवालात लिहिलं होतं: नळी वर्षानुवर्षांच्या थरथरीनं फुटली, दोष विनापरवाना रूळ जोडणाऱ्या मृत कामगाराचा, तो कापून घेणाऱ्या इंजिनिअरची दक्षता कौतुकास्पद. फुटलेली नळी मी हातात घेऊन पाहिली होती. लोखंड करपून, फुगून, पातळ होऊन फाटलं होतं. थरथरीनं असं फाटत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी सही केली.

सातव्या दिवशी त्याच्या बायकोनं, कुल्याश आपानं, रीतीप्रमाणे मृताच्या नावानं सात पोळ्या तेलात तळल्या. पहिली माझ्या हातात ठेवली.

"खा, पोरी. तुला वाचवून गेला तो. लोक म्हणतात, चूक त्याचीच होती. तू शिकलेली आहेस, तूच सांग. होती का?"

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. घास माझ्या तोंडातच होता. मी होकारार्थी मान हलवली.