ड्रायव्हरचे सेंटिमीटर

मामाच्या खोलीत सत्तावन्न पुस्तकं होती. त्यांतली पंचावन्न लढायांची आणि तुटलेल्या देशांची, एक डिझेल इंजिनाच्या दुरुस्तीचं आणि एक विणकामाचं. विणकामाचं कुठून आलं ते मामालाही आठवत नव्हतं. पंचावन्नच्या पंचावन्न पुस्तकं बातमीदारांनी लिहिलेली. प्राध्यापकांची पुस्तकं मामा घरात घ्यायचा नाही. का, असं विचारलं तर म्हणायचा, "प्राध्यापक गाडीत बसत नाहीत."

ही मोजणी भाचीने केली. मामाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी महिनाभर पुस्तकाला हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं. ती दर रविवारी यायची, डोळ्यांत थेंब घालायची, धूळ पुसायची. सिमेंटचे ठोकळे यंत्रात दाबून ते कितीला फुटले हे लिहून ठेवायची तिची नोकरी होती. मोजल्याशिवाय तिला धूळसुद्धा पुसवायची नाही.

लढायांच्या प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने एक आकडा होता. १.२. ०.९. २.४. एका जाडजूड पुस्तकात नुसतं शून्य. तो आकडा कशाचा, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

लढाईच्या काळात मामा बातमीदारांची गाडी चालवायचा. बातमीदार रात्री जेवायला बसले की बोलायचे, आज माझं चाळीस सेंटिमीटर आलं, तुझं कापून अकरावर आणलं. पेपरात छापून आलेला मजकूर ते पट्टीने मोजायचे, शेतातल्या उसासारखा. मामाने हे डोक्यात ठेवलं. लढाई संपली, नदी ही सरहद्द झाली, पलीकडचा अर्धा भाग दुसरा देश झाला, बातमीदार पुढच्या लढाईवर गेले आणि मामा भाड्याची गाडी चालवू लागला. मग त्याने बातमीदारांची पुस्तकं वाचायला घेतली. कुठलाही देश असो, कुठलीही लढाई असो, तो एकच गोष्ट शोधायचा. ड्रायव्हर. आणि सापडला की स्टीलची पट्टी काढून मोजायचा, की या माणसाला किती सेंटिमीटर जागा मिळाली.

बहुतेकांना एक मिळायचा. 'आमचा ड्रायव्हर, एक मितभाषी गृहस्थ', संपला. एका पुस्तकातला ड्रायव्हर चारशे पानं गाडी हाकतो आणि अगदी शेवटी कळतं की त्याला एक मुलगी आहे. त्याला सहा सेंटिमीटर तीन मिलिमीटर. तो उच्चांक. मोजण्याचे नियमही ठरलेले होते. आभाराचं पान धरायचं नाही, कारण तिथे लोक आपल्या मांजराचेही आभार मानतात. आणि शेवटच्या टिपा धरायच्या नाहीत, कारण तिथे नुसती कागदपत्रं असतात.

"तुला राग येतो का रे त्यांचा?" भाचीने एकदा विचारलं होतं.

"राग कसला? लिहिणारा मागच्या सीटवर बसतो. त्याला सगळी लढाई ड्रायव्हरच्या खांद्यावरून दिसते. खांद्यावर कोण काय लिहिणार?"

आपल्या स्वतःच्या लढाईवरचं मात्र एकही पुस्तक त्या पंचावन्नांत नव्हतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रविवारी भाचीने ते आणलं. नुकतंच आलेलं, जाड, मुखपृष्ठावर तुटलेला पूल. लिहिणारा तोच होता ज्याला मामाने दोन वर्षं फिरवलं. गुडघे पुढच्या सीटला लागायचे म्हणून मामा त्याला लांबू म्हणायचा. मामा खूश होईल असं तिला वाटलं होतं. मामाने पुस्तक हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि फळीवर ठेवून दिलं. कणा भिंतीकडे.

कारण शिट्टी.

शिट्टी म्हणजे दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर, मामाचा जिवलग. त्याच्या गाडीचा मागचा आरसा कधीच फुटला होता, त्यामुळे गाडी मागे घेताना पोरंसोरं बाजूला व्हावीत म्हणून तो जोरात शिट्टी वाजवायचा. त्यावरून नाव पडलं. शेवटच्या दिवशी दोन्ही गाड्या नदीपलीकडून परत निघाल्या होत्या. पुढे मामा आणि लांबू, मागे शिट्टी आणि लांबूचं सामान. दवाखान्याच्या फाट्यापर्यंत शिट्टीची गाडी मामाच्या आरशात होती. पुलावर नव्हती. संध्याकाळी पूल उडवला आणि त्यानंतर पलीकडून कोणीच आलं नाही. गाडी गॅरेजवाल्याची होती. तो गावभर सांगत सुटला, की शिट्टी माझी गाडी आणि साहेबाचं सामान घेऊन पलीकडे पळाला, तिथे दुसरा संसार थाटून बसलाय. गावाने ते मानलं. चौदा वर्षं झाली.

शिट्टीची बायको मामाच्या खोलीच्या खालीच इस्त्रीचं दुकान चालवायची. मामा तिला वहिनी म्हणायचा, भाची काकू. मामाने तिला पहिल्याच दिवशी खरं ते सांगितलं होतं. आरशात होता, मग नव्हता. त्यापलीकडे त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. लांबूकडे असेल, अशी त्याला भीती होती.

"पळाला असं लिहिलं असेल तर गावाचं खरं होईल," तो भाचीला म्हणाला. "आणि पळाला नाही असं लिहिलं असेल, तर मग तो कुठे आहे ते तुला सांगायला नको. राहू दे भिंतीकडे तोंड करून."

पुढच्या रविवारी काकू इस्त्रीचे शर्ट घेऊन वर आल्या. दाराला टेकून त्यांनी मामाच्या हिरव्या चष्म्याची यथेच्छ टिंगल केली. सेंटिमीटर भावोजी आता सिनेमात जाणार म्हणाल्या. मग त्यांची नजर फळीवर गेली.

"ही कोण रुसून बसली?" त्यांनी पुस्तक ओढून काढलं आणि मुखपृष्ठ बघितलं. पूल ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. शर्टांचा गठ्ठा त्यांनी पलंगावर ठेवला.

मामा काहीतरी बोलू लागला. डोळे, डॉक्टर, महिनाभर.

"भाचीला आहेत की डोळे."

"वहिनी, त्यात काहीही असू शकतं."

"चौदा वर्षं मी रोज सकाळी त्याला शिव्या देते आणि रोज संध्याकाळी दुकान बंद करताना रस्त्याकडे बघते," काकू म्हणाल्या. "दोन्ही कामं होत नाहीत आता. कुठलंतरी एक सुटू दे." मग पुस्तक भाचीच्या हातात देत त्यांनी आवाज नेहमीसारखा केला. "अख्खा देश ऐकायला मला वेळ नाही. तो आला की हाक मार."

भाचीने वाचायला सुरुवात केली. लांबू चांगलं लिहायचा, हे कबूल करावं लागलं. दोन सरकारं एकाच शहरात दोन पोस्टमन कसे पाठवत होती, एका शाळेचे वर्ग नदीच्या दोन्ही काठांना कसे वाटले गेले, तहाच्या टेबलावर नकाशा कमी पडला म्हणून त्याला दुसरा कागद चिकटवला आणि त्या जोडावर पाच गावं कशी हरवली. मामा मध्येच थांबवायचा. हा रस्ता डावीकडे नव्हता, उजवीकडे होता. या दिवशी पाऊस नव्हता, धुकं होतं. पण एकंदरीत मान डोलवायचा. "बघितलंय त्याने," म्हणायचा. मामाचा स्वतःचा उल्लेख दोन ठिकाणी आला, दोन्ही मिळून दोन सेंटिमीटर एक मिलिमीटर. मामाने ऐकून घेतलं आणि पुढे वाच म्हणाला.

खालून काकूंच्या इस्त्रीचा आवाज यायचा. पाणी शिंपडलं की चर्र, मग धप. दुपारच्या शांततेत भाचीला वाटायचं, की त्या मुद्दाम हळू काम करताहेत, हाक ऐकू यावी म्हणून.

वाचनाच्या तिसऱ्या रविवारी शेवटचा दिवस आला. दवाखान्याचा फाटा, पूल, लांबूच्या मांडीवरचा टाइपरायटर. आणि मग एक ओळ.

"'दुसरी गाडी मात्र परत आली नाही.'" भाचीने पान उलटलं. पलीकडच्या पानावर पूल उडत होता.

"एवढंच?"

"एवढंच. एक ओळ."

मामा खुर्चीत मागे टेकला. चेहऱ्यावर काय होतं ते हिरव्या काचांमुळे दिसत नव्हतं. "चार मिलिमीटर," तो म्हणाला. "चार मिलिमीटरसाठी वहिनीला जिना चढायला नको लावूस. काही नाहीये म्हणून सांगू."

भाची मात्र पान मागे उलटून त्या ओळीकडे बघत होती. ओळीच्या शेवटी, पूर्णविरामाच्या वर, मुंगीएवढा एक आकडा होता. सतरा. तिच्या प्रयोगशाळेतल्या अहवालांत खरी गोष्ट नेहमी अशा मुंग्यांच्या मागे जाऊन सापडायची. ठोकळा कुठल्या गोणीतला, त्या दिवशी यंत्र बिघडलं होतं का, सगळं खाली बारीक अक्षरांत. तिने पुस्तक शेवटाकडे उघडलं.

"टिपा कशाला बघतेस? तिथे कागदपत्रं असतात."

तिचं बोट सतरापाशी थांबलं. सतरावी टीप मोठी होती. तिने ती मनात वाचली, मग पहिल्यापासून पुन्हा वाचली.

मामा खुर्चीत पुढे सरकला. "पळाला?"

"नाही."

खालून चर्र आणि धप असा आवाज आला.

मामाने हात गुडघ्यांवर ठेवले. "तिला सांगायलाच हवं का?" हे त्याने भाचीला विचारलं नव्हतं. तिने टीप मोठ्याने वाचायला तोंड उघडलं तसा तो हात वर करून म्हणाला, "थांब. माझ्याआधी ते तिचं आहे." आणि स्वतःच उठून, दाराची चौकट चाचपत, जिन्याच्या तोंडाशी गेला.

"वहिनी, तो आलाय."

काकू इस्त्री बंद करून आल्या. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, पलंगाच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. भाचीने वाचलं.

"'दुसऱ्या गाडीचं काय झालं ते मला नऊ वर्षांनी कळलं. पलीकडच्या दवाखान्यातल्या एका नर्सने सांगितलं, की त्या दुपारी एक गाडी फाट्यावरून वळून दारात आली. ड्रायव्हरने आतलं सामान उतरवून फाटकापाशी रचून ठेवलं आणि ज्यांना चालता येत नव्हतं अशा रोग्यांना मागच्या गावात न्यायला सुरुवात केली. त्याने तीन खेपा केल्या. चौथ्या खेपेसाठी गाडी वळवत असताना फाटकावर गोळा पडला. गाडीत तेव्हा तो एकटाच होता. दवाखान्यामागे, पाण्याच्या टाकीजवळ त्याला पुरलं आहे. नर्सला त्याचं नाव माहीत नव्हतं. गाडी मागे घेताना तो दर वेळी शिट्टी वाजवायचा, एवढंच तिच्या लक्षात होतं. आम्हीही त्याला शिट्टीच म्हणायचो. त्याचं खरं नाव मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही. आता ते कोणाला विचारायचं, हे मला ठाऊक नाही.'"

मामाने चष्मा काढला. डॉक्टरांनी ते मना केलं होतं.

काकूंचा हात पलंगावरच्या शर्टाकडे गेला. मोडलेली कॉलर त्यांनी बोटांनी सरळ केली, मग पुन्हा केली.

"सामान उतरवून ठेवलं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो. फाटकापाशी. रचून."

"तो घरी चपलासुद्धा रचून ठेवायचा." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "चौदा वर्षांच्या शिव्या परत कशा घ्यायच्या, भावोजी?"

"त्याला ऐकू गेल्या असत्या तर तो हसला असता, वहिनी. तुमच्या शिव्या त्याला पाठ होत्या. गाडीत आम्हाला म्हणून दाखवायचा."

काकू हसल्या आणि त्याबरोबरच रडल्या. भाची पाणी आणायला म्हणून आत गेली आणि जरा जास्तच वेळ तिथे थांबली.

परत आली तेव्हा काकू पुस्तकावर वाकल्या होत्या, बोट सतराव्या टिपेच्या शेवटच्या ओळीवर. "याचा पत्ता मिळेल का, या लांबूचा?"

पुस्तक छापणाऱ्यांचा पत्ता पुढे होता. त्यांच्याकडून पत्र पुढे जाईल, असं भाचीने सांगितलं.

"मग लिही. कोणाला विचारायचं म्हणतोय ना? मला विचार म्हणावं." आणि त्यांनी नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. भाचीने ते आजवर कधी ऐकलं नव्हतं. तिने टिपेच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पेन्सिलीने लिहिलं आणि बरोबर आहे का म्हणून दाखवलं. काकूंनी मान हलवली.

"गॅरेजवाल्यालाही वाचून दाखवीन," त्या म्हणाल्या. "दुकानात, गिऱ्हाईक असताना." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि तुम्ही बसलात काय नुसते, सेंटिमीटर भावोजी? मोजा की."

मामाने टिपांचा नियम काढला नाही. खिशातून पट्टी काढून भाचीपुढे धरली. बारीक रेघा त्याला दिसत नव्हत्या, म्हणून पट्टीचं शून्याचं टोक त्याने पहिल्या ओळीच्या माथ्यावर बोटाने दाबून धरलं आणि दुसऱ्या टोकाचा आकडा तिने वाचला. पेन्सिलीने लिहिलेलं नाव मापात धरलं नाही. प्रयोगशाळेच्या सवयीने तिने तीन वेळा मोजलं. तीन पूर्णांक आठ, तीन पूर्णांक आठ, तीन पूर्णांक नऊ.

मागच्या पुठ्ठ्याच्या आत तिने लिहिलं: ३.८.