कमरेची दोरी

बाकावर पालथे पडून हवेत पाय मारणारे साठीचे विश्राम सर.

भिंतीवरचा तक्ता, दमटपणाने फुगलेला. त्यातल्या पोहणाऱ्याचा उजवा हात गळून पडलेला.

कार्मेलबाईंच्या राठ तळहाताखाली सरांची दोन बोटं. बाकी सगळं पाणी.

“श्वास बाजूने, कार्मेलबाई. वर नाही, बाजूने.”

पिवळी नायलॉनची दोरी, एक टोक जळकं.

पोहायला शिकवण्याच्या या सगळ्या उपायांतलं शेवटचं तेवढं लागू पडलं. कार्मेल अठ्ठावन्न वर्षांच्या. कळव्याच्या खाडीकाठी वडिलांची जाळी विणत वाढल्या, पण बाईमाणूस होडीत नको म्हणून पाण्यात कधी उतरल्या नाहीत. तलावात सरांनी करून दाखवलं, ओरडून सांगितलं, हात धरला; पाय काही सुटेनात. कमरेला दोरी बांधून सर काठाने चालू लागले, तेव्हा सुटले.

दोन परीक्षा दोरीशिवाय झाल्या. दोन्ही वेळा त्या पाचव्या मीटरला उभ्या राहिल्या. आजची शेवटची. पंचवीस मीटर झाले तर खोल पाण्याचं कार्ड, नाहीतर पोरांच्या डबक्यात कायमचं.

“दोरी असू दे,” परीक्षा घेणारी शिवानी म्हणाली. “पण एकदा जरी ताणली ना सर, तर नापास. माझ्या परीक्षेत मला हळूच काठी पुढे करून पास केलेलंत, विसरले नाहीये मी.”

“तू फारच गटांगळ्या खात होतीस गं.”

सरांनी वाकून दोरीच्या जळक्या टोकाची गाठ कार्मेलच्या कमरेला मारली.

“सर, आज बोलू नका हां,” कार्मेल म्हणाल्या. “नुसते चाला. दिसत राहा.”

त्या निघाल्या. सर दोरीला झोळ देत बरोबरीने चालले. अर्ध्यावर झोळ जरा जास्तच वाटला. दोरीचं जळकं टोक पाण्यावर मोकळं तरंगत होतं.

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. शिवानीकडे पाहिलं. तिने ओठांतली शिटी काढून मुठीत धरली. सर रिकामी दोरी दोन्ही हातांत जपून धरून चालत राहिले.

कार्मेलचा हात भिंतीला लागला.

“ताणली नाय ना?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“छे.” सर पाठीमागे घाईघाईने दोरी गुंडाळत होते. “मी चालत होतो, दिसलो ना?”

“दर श्वासाला.”

सरांची गाठ पाण्यात टिकायची नाही, हे जाळी विणलेल्या कार्मेलना पहिल्याच दिवशी दिसलं होतं.