मेन सुकेंतीच्या मापाचा बाजार

"हात वर," म्हातारा उंदागी म्हणाला, आणि गुस्ती पेरिंगने उजवा हात असा ताणला की जणू बातुकारूच्या शिखरावर अडकलेला ढगच ओढून आणायचा होता. गुस्ती मुळात उंच. पेतांग गावात सर आली की ती आधी त्याच्या फेट्याला कळे आणि बाकीच्यांना सावकाश, असं सांगतात. कुणी ते खोडून काढल्याचं ऐकिवात नाही. त्यात तो गावप्रमुख. म्हणजे जमिनीपासून जितका उंच, त्याहून स्वतःच्या मते अधिक.

जळून गेलेल्या बाजाराच्या मैदानात सगळं गाव सकाळीच जमलं होतं. नवा बाजार देनपासारच्या रातिहने आखला होता. परदेशात शिकलेली मुलगी. तिने बांधलेली मातीची शाळा बघायला कुठून कुठून माणसं येत. तिचं म्हणणं असं, की हल्लीच्या इमारती पुस्तकातल्या एका माणसाच्या मापाने बांधतात आणि तो माणूस आजवर कुठल्याही गावात दिसलेला नाही. आपलं घर आपण घरधन्याच्या अंगावर बेततो: त्याच्या पसरलेल्या दोन हातांची वाव, त्याचा हात, मूठ, पाऊल, वर केलेल्या बोटांची उंची. उंदागी, म्हणजे घर उभारणारा, त्या खुणा बांबूच्या काठीवर कोरतो आणि प्रत्येक मापात बोटभर जास्त सोडतो, घराला श्वास घेता यावा म्हणून. बाजारही तसाच बांधू. वर उपड्या टोपलीसारखं बांबूचं वळणदार छप्पर आणि भिंत एकही नाही.

कल्पना झकास होती. पण घराला धनी असतो. बाजाराचा धनी कोण?

पुरुषांच्या सभेने ते पान चघळून होण्याआधीच ठरवून टाकलं: गुस्ती पेरिंग.

हे मेन सुकेंतीला कळलं तेव्हा ती नारळाच्या पात्यात शिजवलेल्या भाताच्या वड्या, तिपात, विकत बसली होती. मेन सुकेंती म्हणजे सुकेंतीची आई. तिचं स्वतःचं नाव गाव कधीच विसरलं होतं. उंची एवढी, की कोंबड्या तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वागत. उभा जन्म ती दुसऱ्या कुणाच्या तरी मापाच्या फळीमागे बसली. पाय लोंबकळत, खांदा भरून येई. ती तडक रातिहकडे गेली आणि म्हणाली, गुस्तीने जन्मात बाजारातून एक मिरची घेतलेली नाही, त्याच्या बायकोने घेतली; बाजारात बसतो आम्ही, तेव्हा माप माझं घे. रातिहला ते पटलं. पण माणूस निवडायचा तो गावाने, म्हणून तिने गुस्तीच्या कानावर घातलं. तो एवढा हसला की देवळातली कबुतरं उडाली.

काठी एकदा कोरली की परत कोरत नाहीत. आज गुस्तीचं माप काठीवर चढलं असतं, तर मेन सुकेंतीचे पाय उरलेला जन्म तसेच लोंबकळणार होते. म्हणून ती टोपली घेऊन अगदी पुढे, गुस्तीच्या पायांशी जमिनीवर बसली होती. पुजाऱ्याने काढलेला मुहूर्त सूर्य माडाच्या शेंड्याला टेकेपर्यंतचा. पुढचा थेट भातकापणीनंतर, आणि तोवर सरकारची मंजुरी उडून गेली असती.

"टाचा," मेन सुकेंती म्हणाली.

उंदागीने काठी थांबवली.

"गुस्तींच्या टाचा वर आहेत."

सगळ्यांनी खाली पाहिलं. पुलाखालून गाडी जावी तशी मुंग्यांची एक रांग त्या टाचांखालून निवांत चालली होती. उभ्या असलेल्या कुणाला ते दिसलं नव्हतं. गुस्ती पुटपुटला की सवयच आहे तशी.

उंदागीने काठी गवतावर ठेवली. "खोटं बोललेल्या अंगाचं माप मला घेता येत नाही. छप्पर माझ्या हातून कोसळेल. दुसरं कुणीतरी उभं राहा, आणि लवकर राहा."

सूर्य माडापर्यंत आला. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. गुस्तीच्या जागी उभं राहून त्याचा राग कोण ओढवून घेणार?

"मी उभीच आहे की," मेन सुकेंती म्हणाली. आणि खरंच, ती केव्हाची उभी होती. कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"हिच्या मापाने बांधलंत तर आम्हाला वाकून आत यावं लागेल," गुस्ती म्हणाला.

"मग वाका. तुमच्या दारात आम्ही जन्मभर वाकलो. कंबर नाही मोडली."

तिने हात वर केला आणि टाचा अशा रोवल्या की जमिनीत खळगे पडले. पुढे पावसाळ्यात त्यांत बेडूक राहिले म्हणतात. बोटभर जास्त सोडायचं, तिथे उंदागीने अंगठाभर सोडलं. हिला भांडायला श्वास जास्त लागतो, म्हणाला.

बाजार उभा राहिला. आत आभाळाएवढं छप्पर आणि चारी बाजूंनी वळचण मात्र मेन सुकेंतीच्या वर केलेल्या बोटांपर्यंत उतरलेली. फळीमागे बसलं की पाय जमिनीला टेकत. लांबलांबून माणसं फोटो काढायला आली. एका टकल्या गृहस्थाचं डोकं वळचणीवर आपटलं, आणि टेंगूळ घेऊन त्याने पर्वतापुढे नम्र होणाऱ्या वास्तूवर मोठा लेख लिहिला. रातिह येणाऱ्या प्रत्येकाला ही उंची कुणाची ते सांगायची, त्यालाही सांगितलं होतं. लेख तिने मेन सुकेंतीला वाचून दाखवला.

"माझी उंची लिहिलीय त्यात?"

"नाही."

"मग त्याला अजून एकदा आत यायला सांग."

दगडी पाटीवर सरकारी साहेबांचं आणि गुस्तीचं नाव आलं; रातिहने हट्ट धरूनही मेन सुकेंतीचं नाही. कुठल्या बाईचं लिहायचं, हिचं नाव तरी कुणाला ठाऊक आहे, असं गुस्ती म्हणाला. मेन सुकेंतीने पाटीच्या खिळ्याला कांद्यांची माळ टांगली. ती वाळली की दुसरी टांगायची.

गुस्ती बरीच वर्षं आत आला नाही. बाजाराभोवती फिरून उंच जागा शोधायचा. मग त्याची बायको वारली, आणि आमटीला मिरची लागतेच. तो येऊ लागला. तो पुरता वाकेपर्यंत मेन सुकेंती मान वर करायची नाही.

अशी वर्षं गेली. गुस्तीच्या फेट्याखालचे केस पांढरे झाले. मेन सुकेंती आधीच उंचीने कमी, त्यात आणखी आटत गेली.

एके सकाळी गुस्ती नेहमीसारखा वाकून आत शिरला. वाकलेल्या माणसाला आधी जमीनच दिसते. पाठमोरी मेन सुकेंती तिच्याच वर केलेल्या हाताच्या मापाने ठोकलेल्या खुंटीला टोपली अडकवत होती. टोपलीची कडी खुंटीला लागून निसटली. पुन्हा निसटली. गुस्तीच्या डोळ्यांसमोर तिच्या भेगाळलेल्या टाचा होत्या. जमिनीपासून चांगल्या वर उचललेल्या, थरथरणाऱ्या.

तो तसाच वाकून राहिला, गरजेपेक्षा जास्त वेळ.

कडी अडकली. टाचा खाली आल्या. मेन सुकेंती वळली.

"काय बघताय, गुस्ती?"

"मिरच्या," गुस्ती म्हणाला. "ताज्या आहेत का?"