काचेपुढची जागा

वेन्डल प्रुइट अकरा वर्षांनी गावी आला आणि आल्या आल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून चार अंडी हाणली. अख्खी अमेरिका ज्याच्या कादंबऱ्या वाचते तो माणूस पावाने बशी पुसत होता. ल्युएला समोर उभी होती. तिच्या डोक्यात सकाळपासून एकच गोष्ट होती.

"वेन, माझी पत्रं जाळलीस ना?"

"कुठली?"

"दर रविवारची. वाचून जाळतो म्हणालेलास."

"लू, लेखक कागद जाळत नसतो. विद्यापीठाला दिली. माझे सगळे कागद मागितले त्यांनी, पार धोब्याच्या चिठ्ठीपर्यंत. तुझ्या पत्रांचे नऊ खोके भरले." त्याने कॉफी ओतून घेतली. "त्यातली काही आज इथल्या वाचनालयात मांडणारेत. माझ्या सत्काराला."

ल्युएलाने खुर्ची धरली. "डोरीनचं आहे त्यात?"

"ते तर मधोमध आहे."

डोरीन हॅकेट म्हणजे शेजारीण. ल्युएलाचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे तिचं अंग पुसायला हीच यायची. दुसरं कोणी फिरकलं नाही. एकोणीसशे अठ्ठावन्न साली डोरीनचा तीन वर्षांचा टॉमी गुरांच्या पाण्याच्या टाकीत बुडून मेला. डोरीन तेव्हा मागे कपडे वाळत घालत होती, असं गावाला माहीत. खरं काय ते ल्युएलाला माहीत. तिनेच डोरीनला जमिनीवरून उचललं, तोंड धुतलं, तोंडाचा वास जावा म्हणून पुदिन्याची गोळी चारली आणि मग शेरीफला बोलावलं. मनात मावेना म्हणून रविवारी भावाला लिहिलं.

भावाने त्या पत्राची कादंबरी केली. टाकीची नदी केली आणि मुलाची मुलगी, बस. बक्षीस मिळालं. डोरीनने ती वाचली आणि ल्युएलाला म्हणाली, "काही माणसांना कोणी न सांगताच देव कळवतो गं."

"ते एक काढून घे, वेन. बाकी सगळी राहू दे."

"तू लिहिलेलं सगळ्यात चांगलं आहे ते. टाकी आणि पोरगं सोडलं तर मी एक ओळ बदलली नाही, माहितीये?"

"ती वाचेल."

"वाचू दे. वाचायलाच तर लिहितात." मग त्याने विचारलं, "आणखी एक अंडं आहे?"

ल्युएला दुपारी दोनला वाचनालयात गेली. काचेच्या पेटीला कुलूप होतं. आत तिचंच अक्षर, वर दिवा सोडलेला. 'डोरीन पिऊन पडली होती. पोरगं टाकीत तरंगत होतं.' ल्युएला पेटीला पाठ लावून उभी राहिली. अंगाने रुंद होती, आयुष्यात पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

लोक आले. "लू, सरक की, आम्हालाही बघू दे."

"नंतर बघा."

"बघा, भाऊ मोठा झाला आणि हिला शिंगं फुटली," पाद्र्याची बायको म्हणाली. ल्युएला हलली नाही. डोरीन नवा चष्मा घालून आली, ल्युएलाच्या हातात लिंबूसरबत ठेवलं आणि म्हणाली, "पाय दुखतील तुझे. खुर्ची आणू?"

"नको. तू पुढे बस जा."

वेन्डल भाषणाला उभा राहिला. नदीबद्दल बोलला, आईबद्दल बोलला. मग थांबून मागे पाहिलं. ती कुठे उभी आहे आणि का, हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं.

"माझी बहीण तिथे मागे लाजून उभी आहे. तिच्या पत्रांशिवाय मी कोणीच नसतो. लू, वर ये."

टाळ्या सुरू झाल्या. ल्युएलाने मान हलवली. टाळ्या वाढल्या. मेयर स्वतः आला, तिचा दंड धरला आणि हसत हसत घेऊन गेला. मंचावरून तिने पाहिलं. मैत्रिणीचं कौतुक वाचायला डोरीन पेटीपाशी गेली होती. चष्मा वर केला. वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. तिथे सगळ्या बाया घरून एकेक भांडं आणतात, बुडाला आपल्या नावाची पट्टी चिकटवतात. मागे राहिलेलं भांडं शेजारीण घरी पोचवते आणि रिकामं कधीच पोचवत नाही. दोन बिस्किटं तरी टाकतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. डोरीन होती. तिने ल्युएलाचं भांडं पुढे केलं. घासून लख्ख केलेलं, आत काही नाही. बुडाची नावाची पट्टीसुद्धा खरवडून काढलेली.

"त्याला देवाने कळवलं असं समजत होते मी," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

ल्युएला भांडं धरून दारातच उभी राहिली. मागून वेन्डल आला. अंगात झोपेचे कपडे, हातात पेन्सिल.

"काय म्हणाली ती? नेमके शब्द सांग, लू."