कोठारातलं धान्य

बायको वारल्यापासून कारखान्यात लेथवर काम केलेल्या टर्नरच्या घरी दर रविवारी दुपारी दोन दोस्त यायचे, एक शिंपी आणि एक इलेक्ट्रिशियन. बोलायला विषय सापडायचा नाही, म्हणून टर्नरने त्यांना कॉम्प्युटरवरचा आपला गेम शिकवायला घेतला. जुन्या काळातलं राज्य चालवायचं: शेती, कर, तह, लढाया. नियमच इतके, की यापेक्षा अख्ख्या इमारतीचं वायरिंग सोपं, असं इलेक्ट्रिशियनचं मत पडलं.

त्या रविवारी माऊस शिंप्याच्या हाती होता. टर्नर खुर्चीमागे उभा राहून एकेक गोष्ट तीन-तीनदा समजावत होता. तरी शिंप्याने कोठारातलं सगळं धान्य गावांना वाटून टाकलं, फौजेसाठी एक दाणाही ठेवला नाही. लगेच शेजारचा राजा चालून आला आणि राजधानी गेली.

शिंपी ओशाळला. "माझ्या टाळक्यात काही शिरत नाही बघ."

"असू दे रे. पहिल्यांदा सगळ्यांचं होतं," टर्नर म्हणाला. "पुन्हा मांडू."

इलेक्ट्रिशियन हसला. "लेका, कारखान्यात सगळ्यांवर खेकसायचास. इतका गोड कधी झालास? वहिनींना तर पक्कं तयार केलं असशील."

"हो," टर्नर म्हणाला. "छान खेळायची."

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. ती एकदाच खेळली होती, जेमतेम अर्धा तास. तिनेही धान्य असंच वाटलं होतं. लोक उपाशी असताना शिपाई कशाला पोसायचे, असं तिचं म्हणणं. राजधानी पडली तसा त्याने तिच्या हातातून माऊस काढून घेतला होता. हे तुझं काम नाही, म्हणाला होता. त्यानंतर तो खेळायला बसला की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची.

नवा डाव कुठून सुरू करायचा, शिंपी विचारत होता.

"खोटं बोललो मी," टर्नर म्हणाला. "तिला शिकवलंच नाही. हीच चूक केली तिने, आणि मी तिला उठवलं."

शिंप्याने चष्मा काढून पुसला आणि हळूच विचारलं, पुन्हा कधी शिकव म्हणाल्या का वहिनी?

"म्हणाली. दोनदा."

शिंप्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तो मुकाट्याने उठून चहा टाकायला आत गेला, आणि टर्नरला स्वतःच्याच घरात कुठे बसावं ते कळेना.